हात लावून बघ

खोआ, पैसे मोजायच्या आधी इकडे वाक.
हात दे. या हबवर ठेव. असा, पालथा.
गरम आहे ना?
अठ्ठावीस किलोमीटर ओढत आणलाय बार्लीच्या शेतांमधून.
आता हा असाच पाण्यात घातला
तर आतली हवा दचकून आकसते
आणि रबराच्या कडेने समुद्राचा एक घोट आत ओढते.
एकच. चहाचा चमचाभर.
बेअरिंगला तेवढा पुरतो.

म्हणून थांबायचं.
वॉलरूच्या या रॅम्पवर मागे रांग लागते,
हॉर्न वाजतात, कुणी तुझ्या आईपर्यंत जातं.
जाऊ दे.
तळहाताला काहीच कळेनासं झालं
की मग गाडी मागे घे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे मीठ स्वतःच खाणारं,
आणि जागं तर रात्रंदिवस.

माझा भाऊ जॅगो आणि मी
वर्षानुवर्षं हा अर्धा तास इथे बसलोय.
वाटेत भांडण. म्हणजे तो बोलायचा,
मी काच खाली करायचे.
विषय: जमीन, आईचं हॉस्पिटल, त्याची बायको,
एकदा तर नुसतं सँडविचमधलं बीट.
इथे पोचलो की दोघं दोन चाकांशी उकिडवे.
झालं?
नाही अजून.
आता?
थांब.
मग बोट पाण्यात जायची,
आणि बीटाचं पुढे काय झालं ते कुणी विचारायचं नाही.

परत आल्यावर आधी गोडं पाणी.
मग मासे, मग बिअर. क्रम चुकवू नकोस.
टाकीचा तळ दिसायला लागला तरी
एक बादली याची.
पाट्यांच्या फटीत सोड, दिव्याच्या तारांवर,
आणि या चौकोनी नळीच्या तोंडात, इथे.
मग मेंढीच्या लोकरीतलं तेल फवार.
शेडला महिनाभर ओल्या मेंढीचा वास येईल,
येऊ दे.

आता कान दे. पान्याने वाजवते.
टण्.
टण्.
ठप्.
ही ठप् मी लपवणार नाही,
म्हणून तर किंमत एवढी कमी.

त्या ईस्टरला तो थांबला नाही.
दार आपटलं, गाडी मागे घेतली,
गरम चाकं सरळ पाण्यात. चर्र झालं नाही,
काहीच झालं नाही, बुडबुडेसुद्धा नाहीत.
संध्याकाळी ट्रेलर शेडमध्ये उभा केला आणि तो गेला,
आधी बसने, मग पर्थपर्यंत.
धुवायची पाळी त्याची होती.

चौदा महिने मी रोज शेडचं दार उघडायचे,
पाइप भिंतीवर गुंडाळलेला, नळ चार पावलांवर.
पाळी त्याची होती.
जस्तावर पांढरी भुकटी आली, मग तांबडे ओघळ,
एक बोल्ट बोटाने खपली निघावी तसा निघाला.
तेव्हा कुठे मी बाह्या वर केल्या.
वायर ब्रश, जस्ताचा रंग, दोन्ही बेअरिंग नवी.
जुनं एक स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,
खड्डे पडलेलं. फिरवलं की दात खातं.
ते विकायचं नाही.

ही ग्रीसची पिचकारी ट्रेलरबरोबर फुकट.
दाबत राहा.
आधी काळं येईल, मग राखाडी,
मग मधासारखं स्वच्छ.
मधेच थांबलास तर
जुन्यावरच नवं बसतं.

त्याला फोटो पाठवला परवा, ट्रेलर विकतेय म्हणून.
उत्तर आलं: "धुतलास का?"
बास. एवढंच.
मी अजून काही लिहिलेलं नाही.

लाव हात.
गार?
नाही ना.
बस मग. डबा आणलाय.
बीट चालतं तुला?