बारा महिने

क्युताह्यात भट्टी विझवत नाहीत.
एकदा थंड पडली की आतली वीट तडकते,
दुरसुन उस्ता सांगतो,
आणि माझ्या बुटाखाली फुटक्या बशीची निळी कपची
करकरते.

मी इझमीरहून रात्रीच्या बसनं आलेय, फाइल घेऊन.
मला एवढंच ठरवायचंय:
ही अजून बारा महिने जळेल का?

कर्ज युरोत, कमाई लिरात.
गॅसची तीन बिलं थकलेली.
अंताल्याच्या हॉटेलवाल्यानं फेब्रुवारीपासून
एक बशी मागवलेली नाही. पत्र नाही, भांडण नाही,
नुसतं मौन,
आणि मौनाला ताळेबंदात रकाना नसतो.

नेजमेत्तिन बे चहा पुढे करतात,
बशीवर ट्यूलिप, त्यांच्याच भट्टीतलं.
"बँक म्हणालीय, मुदत वाढवू."
लेखी?
"तोंडी. आणि मेहुणा बुर्साची जमीन विकतोय."
जमिनीचे कागद मागितले तर हसले.
"फेरहान हानम, अकरा वर्षं येताय तुम्ही इथे."

येतेय खरी.
अकरा वर्षांची फी, दर वर्षी जराशी फुगणारी,
माझ्या मुलीच्या शाळेत गेली.
भागीदार ओक्ताय फोनवर म्हणतो,
गेल्या वर्षी स्वच्छ अभिप्राय दिला आपण,
यंदा काय तोंड दाखवणार?
मग आवाज उतरवून:
आणि नाही लिहिलंस, न् त्यांचं दिवाळं निघालं,
तर कोर्टात तू उभी राहशील.

मी लिहिलं तर बँक वाचेल.
वाचेल म्हणून मुदत वाढवणार नाही.
वाढवणार नाही
म्हणून मी लिहिलेलं खरं ठरेल.
नाडी बघताना मनगट इतकं दाबू नये
की नाडीच थांबावी.
पण न दाबता ती लागतही नाही.

संध्याकाळी पुन्हा भट्टीपाशी गेले.
बोगद्यात एकामागे एक गाड्या सरकत होत्या,
ताटं, वाट्या, ताटं,
मग एक रिकामी.
दुरसुन उस्तानं माझ्याकडे बघितलं नाही.
"जानेवारीपासून दर तिसरी अशीच जाते," म्हणाला,
"भट्टीला कळू देत नाही आम्ही."

हॉटेलच्या खोलीत परिच्छेद लिहिला.
सात ओळींचा झाला.
आठवीच्या सुरुवातीला 'तरीही' लिहिलं,
बराच वेळ ठेवलं,
मग खोडलं.
त्याला पुरावा नव्हता.