सर्वनाम

पहिलं पान फाटलंय, त्यामुळे कवी कोण ते कळत नाही.
पुस्तक दिलं एतेल्का नेनीनं.
नेनी म्हणजे मावशी. तिच्याकडे मी भाड्यानं राहायचो,
चौऱ्याऐंशी साली, कंपनीनं ॲल्युमिनियमच्या भट्ट्या शिकायला
हंगेरीत धाडलं तेव्हा.
निघताना म्हणाली, यातला देव
आमच्या चर्चमधल्यासारखा नाही, याच्याशी भांडता येतं.
मी म्हटलं, आमच्याकडे तेवढंच चालतं.

आता ऐरोलीत, सेक्टर सोळा, रात्री अकरानंतर
जेवणाच्या टेबलावर मी त्याचं मराठी करतो.
खाडीचा वास. हायटेन्शनच्या तारांची गुणगुण.
पान उडू नये म्हणून शब्दकोशावर
कालिंदीच्या गोळ्यांचा डबा.

कविता लहान आहे.
हिवाळा. माणूस शेगडीजवळ खुर्ची ठेवतो, देवासाठी.
कोणी येत नाही.
सकाळी चिडून खुर्ची उचलायला जातो
तर बैठक गरम.
संपली.

एवढ्यासाठी तीन आठवडे.

त्यांचा ‘निंच’ सोपा गेला. निंच म्हणजे नाही,
आपल्यासारखाच, एका शब्दात सगळं आटोपणारा.
वाण्यानं मान वर न करता म्हणावं तसा लिहिला.
पण वाट ते दोन तऱ्हांनी पाहतात.
वारोक, म्हणजे नुसतीच,
बेलापूर रोडच्या थांब्यावर लोक पाहतात तशी.
वारोम, म्हणजे ठरलेल्या कोणाची तरी,
नाव घेतलं नाही तरी क्रियापदाला माहीत असतं.
देव? निंच, म्हणतो हा माणूस,
आणि पुढच्याच ओळीत वारोम.

मराठीत हा म कुठे ठेवू?

आणि खरा अडलो तो त्याच्यापुढे.
त्या भाषेत तो नाही, ती नाही.
फोरमनला, त्याच्या बायकोला, देवाला
एकच अक्षर.
मग खुर्चीत बसून गेलं कोण?
तो लिहिलं, तर कीर्तनातला झाला, कमरेवर हात आले.
ती लिहिलं, तर दिवा कोळीवाड्यातली गावदेवी,
खुर्चीभर कुंकू.
ते लिहिलं आणि वेदान्त झाला,
बैठक गारच पडली.

ते अक्षर मला बोलायलाही कधी जमलं नाही.
जीभ ए ची, ओठ ओ चे,
एतेल्का नेनी हनुवटी धरून शिकवायची
चुलीपाशी, आणि हसता हसता
तिचा चष्मा वाफेनं भरायचा.

कालिंदीला झटका येऊन सात महिने झाले.
उजवी बाजू गेली, आणि शब्द.
व्यायाम करून घ्यायला निलोफर येते, मुंब्र्याहून.
काका, आधी स्वर येतात, म्हणते, व्यंजनं मागून.
मागून म्हणजे कधी, ते ती सांगत नाही
आणि मीही आता विचारत नाही.
देवपूजा कालिंदीची. सध्या मी करतो,
झोपण्याआधी गॅसचा नॉब तपासावा
तशी.

काल लाइट गेली.
सेक्टरभर अंधार, तारा मात्र गुणगुणतच होत्या.
आतल्या खोलीत काहीतरी पडलं.
मी टेबलावरूनच हाक मारली, कालिंदी,
चाळीस वर्षांच्या सवयीनं,
उत्तर येईल असं काही मनात नव्हतं.
वारोक.

आणि आतून ओ आली.

नीट ओ नव्हे. तोंड एका अंगाला ओढलेलं,
त्यामुळे जीभ ए ची, ओठ ओ चे.
नेनीनं ऐकलं असतं तर
माझी हनुवटी सोडून दिली असती.

चाचपडत आत गेलो.
स्टीलचा पेला पडला होता, पाणी पलंगाखाली.
फरशी पुसायला काही सापडेना,
लुंगीच्या टोकानं पुसली.
मग तिच्या उशाशी खुर्ची असते, तिच्यावर बसलो.

गरम होती.

नुकताच मीच उठलो होतो तिथून,
हे आठवायला
जरा वेळ लागला.