चौथा बोअर

सियागंजच्या मागच्या गल्लीत
मुख्तार मिस्त्रींनी हेड उतरवलं
आणि माझं बोट धरून सिलिंडरच्या काठावरून फिरवलं.
नख अडकलं.
"देखो भिया, नाखून बता रिया हे."

तीनदा बोअर झालंय. चौथ्यांदा
भिंत पापडाएवढी उरेल.
फार तर स्लीव्ह ठोकू, म्हणाले,
नाहीतर ते बघा, ताडपत्रीखालचं,
देवासच्या ठोकरलेल्या गाडीतलं, कमी चाललेलं.
अठ्ठावन्न हजार.
आरसी बुकात नंबर तेवढा बदलून घ्यावा लागेल.

मी हिशेब करत राहिलो.
जानापावच्या चढावर, पहिल्या गिअरात
जीप खोकायला लागली की कुमुद
डॅशबोर्डवर थाप मारायची,
बैलाच्या पाठीवर मारावी तशी.
गुडघा बदलायला मात्र ती नाहीच म्हणाली:
"माझ्या चालीनं झिजलाय तो,
नव्याला काय ठाऊक मी कुठं वळते?"

चहा आला. माशी पडली. दुसरा आला.
"स्लीव्ह ठोका," मी म्हणालो.
"गॅरंटी?"
मिस्त्री नुसतेच हसले, हात पुसत.

पोऱ्यानं खडू घेतला,
काळ्या ब्लॉकवर गिऱ्हाइकाचं नाव टाकायला.
मी मुळ्ये सांगितलं.
त्यानं लिहिलं: मूल्य.