करून राहिलो

आमच्या नागपुरात क्रियापदालाही बसायची सवय आहे.
पुण्याकडचे म्हणतात, करतोय.
आम्ही म्हणतो, करून राहिलो.
त्यात करणं किती आणि राहणं किती
हे विचारायला माझ्या दारात कुणी आलं नव्हतं,
परवापर्यंत.

मी कोर्टाचे कागद इंग्रजीत उतरवतो, पानामागे ऐंशी रुपये.
उमाठे वकिलांचा मुलगा फोन करतो,
"काका, हेडाऊबाईंची सात पानं?"
"करून राहिलो ना बे," मी म्हणतो.
खोटं नाही. हातात पेन असतं.
फक्त त्या पेननं मी वेळापत्रक आखत असतो.

लाल शाईत सकाळ, हिरव्या शाईत दुपार.
नऊला बसायचं होतं, नऊ वाजून दहा झाले,
आणि असल्या अर्धवट वेळेला काय सुरुवात करायची,
म्हणून साडेनऊ.
साडेनऊला कोपऱ्यावरून तर्रीचा वास आला.
उपाशीपोटी 'कब्जेदार'ला प्रतिशब्द सुचत नाही.
पोह्यांच्या ठेल्यावर कुणी म्हणालं,
अंबाझरीकडे पुन्हा रस्ता खोदला.
असलं कुणी बघायला जात नाही.
मी गेलो.

मग कूलर.
मे महिन्यात कूलर भरणं हे काम नाही
असं म्हणणारा माणूस नागपूरचा नसावा.
पाईप गळत होता. बांधायला सुतळी हवी.
सुतळीच्या डब्यात जुनी विजेची बिलं निघाली,
ती महिन्यावार लावली.
डिसेंबर सापडेना.
डिसेंबर शोधता शोधता मेची दुपार गेली.

फोन पालथा घालून ठेवला होता.
पालथ्या फोनवर फार लक्ष ठेवावं लागतं.

असे अकरा दिवस.
रोज रात्री मी दमलेला असायचो, हे कुणाला पटत नाही.
न उचललेल्या गोणीचे वळ
खांद्यावर दाखवायचे कसे?

परवा बाई स्वतः आल्या.
पाचपावलीहून, दोन ऑटो बदलून,
डोक्याभोवती दुपट्टा, डोळे तेवढे उघडे.
सुनंदा हेडाऊ. नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीचे कागद.
"झाले काय जी?"
"करून राहिलो."
"करा मग. मी बसून राहतो."
आणि बसल्या,
कूलरसमोर नाही, दाराजवळच्या खुर्चीवर,
बाहेरची चप्पल दिसेल अशा.
मोबाईल काढला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं नाही.
इतकं नीट बसता येतं
हे मी विसरूनच गेलो होतो.

पहिल्याच पानावर त्यांच्या नवऱ्याचं नाव नऊदा होतं,
नऊही वेळा 'मयत' लावून.
अकरा दिवस मी ते पान उलटंही केलं नव्हतं.

मधेच कूलरचा आवाज कोरडा झाला.
माझे गुडघे लगेच उठायला निघाले.
"तुम्ही लिहा," बाई म्हणाल्या,
आणि बादली कुठे आहे हे न विचारता
टाकी भरून आल्या.
पाईपला हात लावला नाही. तो गळत राहिला.
काही बिघडलं नाही.

सात पानं. दोन तास वीस मिनिटं.
वाईट वाटलं, वाटायला हवं तेवढं,
आणि वर थोडी चीड आली, त्यांचीच,
काम इतकं सोपं असल्याची.

कागद हातात तोलून त्या म्हणाल्या,
"इतकंच होतं काय जी?"
टोमणा नव्हता. इंग्रजी येत नव्हतं,
त्या जाडीबद्दल बोलत होत्या.

संध्याकाळी उमाठ्यांचा नवा गठ्ठा आला, एकोणीस पानं.
मी वेळापत्रक फाडलं.
दाराजवळची खुर्ची तिथेच राहू दिली
आणि तिच्याकडे तोंड करून बसलो.
एक ओळ झाली. दुसरी झाली.
तिसरीला लक्षात आलं,
खुर्चीचा एक पाय डुगडुगतो आहे.

सुतळी कुठे ठेवली होती मी?