रिकामे

दारुखान्यात घागांच्या गाळ्यात
आर्गॉनचे तीन सिलिंडर, परतीचे.
फॉर्मवर मी लिहिलं : रिकामे.

"व्हॉल्व्ह उघडून बघितलास?" रेबेलोबाई.
नाही.
"मग भरलेलेच धर. हिरवं लेबल लाव."

रेग्युलेटरचं तसं नाही.
भुशात नको, फोममध्ये, काच वर;
काटा शून्याच्या जरा पुढे अडकलाय
तरी पितळी सामान म्हणून जाईल, स्वस्तात.

घाग पॅलेटला फळ्या ठोकतात.
तोंडात चार खिळे, म्हणून बोलत नाहीत.
वहिनी गेल्यापासून तसेही.

फळ्यांसकट दोनशे सहा किलो.
बाईंनी पावती फाडली,
तिन्ही टोप्या पिळून पाहिल्या,
निघता निघता विचारलं,
"जेवलात का, घाग?"

घागांनी एकेक करून
खिळे तळहातावर काढले.