साडेतीन नाणी येणे

शनिवारी रात्री साडेनऊला
अशोक स्तंभामागच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर
तेजल पगारे आतून अर्धं ओढून घेते.
मशीन अजून कोमट असतं. जानेवारीत
आम्ही आळीपाळीने त्याला पाठ लावून बसतो.

टेबलावर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे चुकलेले छापे,
वधूच्या आडनावात मात्रा जास्त.
त्यांच्या कोऱ्या पाठीवर खैरनार सर नकाशे काढतात:
भुयार, विहीर, आणि एक दार,
ज्यावर काहीतरी लिहिलेलं आहे.

मी भुजंगा.
हमाल, तिसरी पातळी. ताकद सतरा, अक्कल आठ,
आणि पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरात: निरक्षर.
तेव्हा गंमत म्हणून लिहिलं होतं.
दिवसा मी अंबडला व्हर्नियर घेऊन उभा असतो,
केसाएवढ्या फरकाने लोखंड नापास करतो.
सहा वर्षं पद तेच,
ओळखपत्रावरचा फोटो तेवढा तरुण राहिला.

गेल्या श्रावणात त्या दारापाशी
मागे उरलो मी आणि नूरी, इम्तियाजची दिवेकरीण.
धुराने तिचे डोळे मिटलेले.
"भुजंगा, दारावर काय आहे?"
मी माझं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.
म्हणालो, "काहीतरी आहे."
वीस बाजूंचा फासा. पडला दोन.

इम्तियाजने तिचं पान फाडलं नाही,
चार घड्या घालून खिशात ठेवलं,
आणि पुढच्या शनिवारी नवा माणूस घेऊन आला:
पातळी एक, जीव चार, हातात काठी.

आज माझे गुण पुरे झाले.
"दुहेरी वार घे," भामरे म्हणाला, तो नेहमी तेच म्हणतो.
"जीव वाढव," तेजल म्हणाली, "पान बघ स्वतःचं,
खोडून खोडून भोक पडलंय जिवाच्या जागी."
उजेडाला धरलं. खरंच, पलीकडची ट्यूब दिसत होती.

मी म्हणालो, वाचता येणं.

खैरनार सरांचा एकच हट्ट:
आकडा चढण्याआधी सांगायचं, हे कुठे शिकलास.
झोपेतून उठून कुणी शहाणं होत नाही म्हणतात,
आणि ते रात्रशाळेत शिकवतात, त्यांना ठाऊक असणार.

मला सुचेना. चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिलो.
मग सामानाच्या यादीत दिसलं,
दोराच्या खाली, मशालींच्या वर:
नूरीची वही. वजन शून्य.
केव्हा उचलली होती, तेही आठवेना.
म्हणालो, हिच्यावरून. पहाऱ्यावर असताना, रोज एक ओळ.
आधी न. तो तिच्या नावात आहे, हे सांगितलं होतं तिने.

"काय लिहिलंय त्यात?"
सरांनी मला नाही, इम्तियाजला विचारलं.

इम्तियाज सातपूरला टायरच्या दुकानात बसतो,
बोलायचे त्याला पैसे पडतात.
कागदी कप फिरवत राहिला. मला वाटलं
आता काही शपथ, निरोप वगैरे.
"हिशेब," तो म्हणाला. "तेल, वात, तेल.
चपलेचा अंगठा. परत तेल.
शेवटच्या पानावर: भुजंगाकडून साडेतीन नाणी येणे."

भामरे इतका हसला की शटर वाजलं.
मी खोडरबर घेतलं, 'निर' खोडला.
उरलं नुसतं क्षर.
त्या दोन अक्षरांकडे जरा वेळ बघत बसलो,
मग अलीकडे 'सा' लिहिला.

साडेतीन नाणी वजा केली
आणि काठीवाल्याच्या पानाकडे सरकवली.
"हा वारस कसा?" सरांनी भुवई उचलली.
"वारस नाही," इम्तियाज म्हणाला. "घेतो."

बारा वाजून गेले. स्कूटर चौथ्या किकला उठली.
मुंबई नाक्याच्या अलीकडे रस्ता खणलाय,
दिव्याखाली पिवळी पाटी.
रोज तिच्यावरून नजर घसरते.
आज पाय टेकून थांबलो, मफलर खाली केला,
आणि भुजंगाच्या वेगाने सुरू केली:
का.
म.
चा.
मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.
थांब, म्हटलं,
एक अक्षर राहिलंय.