माया

मी चौकोन विकतो.
धनकवडीत, पहिल्या मजल्यावर. खाली पिठाची गिरणी,
त्यामुळे दिवसभर टेबल किंचित थरथरतं
आणि कीबोर्डच्या फटींत ज्वारीची भुकटी.

चौकोन म्हणजे: एक चित्राचा, एक दोन रकान्यांचा,
एक फोन नंबरचा, एक नुसत्या रेघेचा.
ज्यानं त्यानं उचलावा, हवा तिथे ठेवावा,
पान आपलं आपण मांडलं जावं.
एकाला दुसऱ्याचा पत्ता नसावा, हा पहिला नियम.
एक काढला तर शेजारचा पडू नये, हा दुसरा.
तिसरा मी अजून शिकतो आहे.

हेमलता आंबवणे यांचा शिवणक्लास, बिबवेवाडी.
पान हवं होतं ‘साधं, पण भरलेलं’.
पहिल्याच दिवशी त्यांनी होते नव्हते ते सगळे चौकोन लावले,
चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक,
आणि अगदी आत पिको-फॉलचा दर,
मोबाइलवर एका अक्षराच्या रुंदीत
पि
को
फॉ
ल
असा जिना उतरत गेलेला.

मी म्हटलं, मॅडम, इतकं आत नका घालू.
त्या म्हणाल्या, अस्तराच्या आत कॅनव्हास असतो,
कॅनव्हासच्या आत काय असतं
ते तुम्ही कधी उसवून पाहिलंय?

मग स्क्रीनजवळ आल्या. चष्मा कपाळावर.
बोटानं एका चौकोनाची कड चाचपली, काच नव्हे, पॉपलीन असल्यासारखी.
‘ह्याला माया किती सोडलीये?’

मला कळलं नाही.
त्यांनी मशीनवरचा ब्लाऊज उलटा केला.
शिलाईपलीकडे अर्धा इंच कापड,
कुणाला न दिसणारं, दुमडून बसलेलं.
‘बाई जाड होते, वाळते, बाळंतीण होते.
माया नसली की नुसतं फाटतं.’

आमच्यातही ह्याला शब्द आहे, फक्त तो पिक्सेलमध्ये मोजतात.
माझ्या चौकोनांना तो शून्य होता.
आणि मला त्याचा अभिमान होता:
घट्ट, नेटकं, एक फट नाही.

त्या रात्री गिरणी थांबल्यावर
मी एकेक चौकोन उलटा करून पाहिला.

‘रिकामी जागा’ नावाचाही एक चौकोन असतो.
‘ह्याचे पैसे घेता?’
हो. इतरांइतकेच.
बराच वेळ हसल्या. मग तीन लावले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या भाच्यानं, निमिषनं,
साफसफाई म्हणून माझं प्लगिनच बंद करून टाकलं.
पान उघडलं तर चित्रं नाहीत, रकाने नाहीत,
नुसते चौकटी कंस, उघडलेले, मिटलेले,
लग्न उरकल्यावर मांडवात राहिलेल्या खुर्च्यांसारखे,
आणि मधेमधे त्यांची वाक्यं:

कापड घरून आणावे.
जुन्या साडीवर शिकलात तरी चालेल.
फी एकदम जमत नसेल तर बोला.
डावखुऱ्या मुलींसाठी वेगळी कात्री आहे.

फोनवर मी माफी मागत होतो. त्या पलीकडे शांतपणे वाचत होत्या.
‘टाके उसवलेत. कापड आहे की सगळं.’

एक बटण दाबायचं होतं.
मी ते लगेच दाबलं नाही.
ही वाक्यं मी बसवली होती, मापात आणली होती,
वाचली मात्र नव्हती.

मीही डावखुरा.
माऊस उजवीकडे ठेवायला शिकण्यात
माझं अख्खं एक वर्ष गेलं, आणि ते
कुणी विचारलं नाही म्हणून मी कुणाला सांगितलंही नाही.

खाली कुणीतरी दळण टाकलं.
टेबल हललं.
मग दाबलं.